मुलांचा भूगोल तुम्हीच घ्या!

मैत्रिणींनो, मुलांच्या अभ्यासाची आपण घरात वाटणी कशी करतो ते जरा आठवून पाहा. गणित आणि इंग्रजीला शिकवणी, विज्ञान वडिलांकडे, मराठी आणि शुद्धलेखन आईकडे. आणि भूगोल? भूगोल देवाच्या हवाली! परीक्षेच्या आदल्या रात्री आपण पुस्तक हातात घेऊन म्हणतो, "हं, प्रश्नोत्तरं म्हणून दाखव." मूल डोळे मिटून धडाधड म्हणून दाखवते, आपण पुस्तक मिटतो आणि पोळ्यांकडे वळतो. पेपर झाला की आठ दिवसांत सारे विसरून मोकळे. त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही, कारण भूगोल हा पाठ करायचा आणि विसरायचा विषय, अशी आपली सगळ्यांची खात्रीच होऊन बसली आहे.

मी राहते सुलतानपूरला. बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. मेहकरहून सिंदखेडराजा-जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. इथूनच लोणारचा फाटा फुटतो. संध्याकाळी माझ्या ओसरीवर गल्लीतली सात-आठ मुले अभ्यासाला बसतात. एकदा भर पावसाळ्यात मी त्यांना विचारले, "आपल्या नाल्याचं पाणी पुढं कुठं जातं रे?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. पाचवीतल्या एका मुलीला जगातल्या लांब नद्यांची नावे अनुक्रमाने पाठ होती. ती धीर करून म्हणाली, "ते कुठी नाही जात बाई, ते आटून जाते."

हसू नका. तिचे अर्धे उत्तर बरोबर होते. उन्हाळ्यात ते आटतेच, आणि तिने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते. पुस्तकात नसलेले एक तरी वाक्य त्या दिवशी माझ्या ओसरीवर कोणी बोलले! पण उरलेले अर्धे उत्तर तिला कोणी दिलेच नव्हते.

भूगोल म्हणजे नद्या, पर्वत आणि राजधान्यांची यादी नव्हे, हे जाणती शिक्षक मंडळी फार वर्षांपासून सांगत आली आहेत. १९८४ साली अमेरिकेतल्या भूगोल शिक्षकांच्या आणि भूगोलतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून या विषयाची पाच मूळ सूत्रे ठरवली. स्थान, ठिकाणाचे स्वरूप, माणूस आणि निसर्ग यांचे नाते, दळणवळण आणि प्रदेश. नावे भारदस्त वाटतात ना? पण घरच्या भाषेत आणली तर ते पाच प्रश्न होतात. गाव आहे कुठे? तिथे काय काय आहे? तिथल्या जमिनीशी, पाण्याशी माणसे कसे जमवून घेतात? तिथे बाहेरून काय येते आणि तिथून बाहेर काय जाते? आणि त्याच्यासारखी, त्याच्या जोडीची गावे कोणती?

आता मला सांगा, मुलीच्या लग्नाचे बघायला निघालो की आपण दुसरे काय विचारतो? "कुठंसं आलं हे गाव? पाण्याची सोय काय? शेती ओलिताची की कोरडवाहू? एस.टी. जाते का? लोक आपल्याकडचेच ना?" पाचही सूत्रे आली की नाही! आपल्या भाषेत लग्नाच्या जागेला 'स्थळ' म्हणतात, ते काही उगाच नाही. जिला आपण "मला भूगोलातलं काय कळतंय" म्हणताना ऐकतो, तीच बाई जावयाच्या गावाची अशी झडती घेते की तलाठ्याने बघत राहावे. हेच शहाणपण मुलांच्या अभ्यासाकडे वळवायचे, एवढेच.

सुरुवात 'कुठे' या प्रश्नापासून करा. "आपलं गाव कुठे आहे?" असे विचारले की मुले म्हणतात, "मेहकरच्या पुढे." हे उत्तर चूक नाही. एका ठिकाणाचा पत्ता दुसऱ्या ठिकाणावरून सांगणे हीसुद्धा भूगोलातली एक रीत आहे. फक्त लोणारच्या माणसाला "मेहकरच्या पुढे" म्हटले तर तो गोंधळेल. त्याच्या दृष्टीने सुलतानपूर मेहकरच्या अलीकडे! हा गोंधळ मुलांना मुद्दाम करून दाखवावा. म्हणजे मग सगळ्यांना सारखा लागू पडेल असा पत्ता का हवा, अक्षांश-रेखांशांच्या रेघा कोणी आणि कशासाठी कल्पिल्या, हे न सांगता कळते. आमचे गाव साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर येते.

पण २० अंश म्हणजे किती, हे मुलाला कसे दाखवायचे? रात्री गच्चीवर नाहीतर अंगणात न्या. ध्रुवतारा दाखवा. हात सरळ लांब करून मूठ वळली की ती डोळ्याला साधारण १० अंश व्यापते. आमच्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून बरोबर दोन मुठी वर दिसतो. आपल्या गावाचा अक्षांश जितका, तितकाच उंच ध्रुवतारा! ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि मुले ती न समजता पाठ करतात. मुठीने एकदा मोजली की जन्मभर विसरायची नाहीत. दिल्लीला कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या मुलांना फोन करून मोजायला सांगा. तिथे जवळजवळ तीन मुठी भरतील.

दिवसा करायचा खेळ याहून गमतीचा. अंगणात ऊन येते तिथे हातभर उंचीची सरळ काठी रोवा. सकाळी साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सावली सर्वांत आखूड होते ती वेळ टिपून ठेवा आणि त्या सावलीवरून रेघ मारा. ती रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. आता गंमत पाहा. सावली सर्वांत आखूड बाराच्या ठोक्याला व्हायला हवी, असे मुलेच काय, मोठी माणसेही धरून चालतात. आमच्याकडे ती ऋतूप्रमाणे बारा वाजून दहा मिनिटांपासून बारा-चाळीसपर्यंत केव्हाही होते, बाराला कधीच नाही. कारण आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या वेळेवर. आपण तिथून सहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सहा अंशांना चोवीस मिनिटे. उरलेला फरक पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यामुळे वर्षभर मागेपुढे होत राहतो. मुंबईला दिलेल्या मावशीकडे सूर्य नागपूरच्या काकूपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, हे मुलांना सांगा. रेखांश म्हणजे काय हे मावशी-काकूवरून कळले तर बिघडले कुठे?

आणि मे महिन्याची सुटी आली की २१ तारखेच्या मागेपुढे एक दिवस राखून ठेवा. त्या दिवशी दुपारी बारा-वीसच्या सुमारास काठीची सावली नाहीशीच होते, कारण सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैच्या २२-२३ तारखेपर्यंत भर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. जुलैत ढग असतात म्हणून जमेलच असे नाही, पण मे महिन्यात ऊन चुकायचे नाही. टोपी घालूनच मुलांना बाहेर सोडा, आणि जेवण आधी उरकून घ्या; नाहीतर ऐन वेळी वरण उतू जाते.

उत्तर दिशा सापडली की नकाशा काढायला घ्या. महाराष्ट्राचा नको, घरापासून शाळेपर्यंतचा. पावलांनी अंतर मोजायचे आणि शंभर पावलांना वहीवरचे बोटभर अंतर धरायचे, म्हणजे 'प्रमाण' आपोआप शिकून होते. विहीर, पिंपळ, दवाखाना, पिठाची गिरणी यांना चिन्हे मुलांनी आपल्या मनाने ठरवावीत. माझ्या ओसरीवर हा उद्योग चांगला आठवडाभर चालला. त्यात एक गोष्ट अशी दिसली की मी वह्या तशाच हातात धरून बसले. मुलग्यांचे नकाशे चहूकडे पसरलेले. शेत, बांध, क्रिकेटचे मैदान, रस्त्यावरची टपरी, नाल्याचे वळण, सारे त्यात होते. मुलींचे नकाशे म्हणजे एक रेघ. घर, शाळा, मधे देऊळ, आणि पाण्याचा नळ. वय तेच, वर्ग तोच, हुशारीत तर मुली पुढे. पण त्यांनी आपले गावच पाहिले नव्हते!

याला शाळा काय करणार? मुलगी म्हणून तिला आपणच घरात ठेवतो. आणि एक दिवस हिचेच सगळे स्थान बदलणार असते. मुलगा आहे त्या गावात राहील कदाचित. मुलगी शिकायला मेहकर, बुलढाणा, छत्रपती संभाजीनगर अशी कुठेतरी जाईल, नोकरीला आणखी लांब, आणि लग्न होऊन तर कुठे जाईल ते आपल्यालाही माहीत नाही. नव्या गावात उतरल्यावर दिशा कळणे, रस्ता लक्षात राहणे, कोणत्या भागात काय मिळते याचा अंदाज येणे, ही तिला लागणारी गोष्ट आहे. फोनमधला नकाशा असतो हे खरे. पण तो वाचायलाही उत्तर कुठली ते कळावे लागते, आणि ऐन वेळी त्याची बॅटरी उतरलेली असते! तेव्हा मैत्रिणींनो, मुलीला पोस्टात पाठवा, बाजारात न्या, शेतावर गेलात तर बांधाबांधाने फिरवून आणा. परत आली की तिच्या नकाशात भर घालायला सांगा. माझ्याकडच्या त्या पाचवीतल्या मुलीने नाल्याच्या काठाकाठाने वडिलांबरोबर बरीच मोठी चक्कर मारली आणि नकाशाला खाली आणखी एक कागद चिकटवून आणला.

आता त्या नाल्याच्या पाण्याकडे वळू. आमच्या जिल्ह्यात कोणालाही विचारा, तो म्हणेल, "आम्ही घाटावरचे," किंवा "आम्ही घाटाखालचे." बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. सोयरीक जुळवतानासुद्धा हा शब्द निघतो. पण हा घाट म्हणजे काय, हे मुलांना कोणी सांगत नाही. घराच्या आढ्यावर पाऊस पडतो तेव्हा एका पाख्यावरचे पाणी पुढच्या अंगणात येते, दुसऱ्या पाख्यावरचे मागच्या परसात. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग आमच्या जिल्ह्याचे आढे आहे. तिच्या उत्तरेचे पाणी नळगंगा, विश्वगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला, आणि तापीतून थेट सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेचे पाणी पैनगंगेत किंवा खडकपूर्णेत जाते. पैनगंगा बुलढाण्याजवळ उगम पावते, मेहकरवरून पुढे विदर्भाची कड धरून वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळाली की त्या दोघींची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. खडकपूर्णा मराठवाड्यातून गोदावरीकडेच जाते. म्हणजे सुलतानपुरात पडलेला थेंब कोणत्याही वाटेने गेला तरी अखेर बंगालच्या उपसागरात, आणि याच जिल्ह्यात मलकापूरला पडलेला थेंब अरबी समुद्रात. एका जिल्ह्यातली दोन गावे आणि त्यांचे समुद्र देशाच्या दोन टोकांना! हे कळल्यावर मुलांनी त्या दिवशी एकमेकांच्या पाटीवर पाणी ओतून "तुझा कोणता समुद्र?" असा खेळच मांडला होता. ओसरी पुसायला मला वेळ लागला ते सोडा.

आमच्या भाग्याने 'ठिकाणाचे स्वरूप' शिकवायला लोणार हाकेच्या अंतरावर आहे. सुलतानपूरहून दहा-बारा किलोमीटर. परदेशातले शास्त्रज्ञ तिथे येतात आणि आमच्याकडची कित्येक मुले मॅट्रिक होईपर्यंत विवरात उतरलेली नसतात! लोणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने मारले, त्याच्या लपण्याच्या जागेवरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले, ही कथा आमच्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेली. ती मुलांना जरूर सांगा. गावातल्या दैत्यसूदन मंदिराचे नाव त्या कथेवरूनच कळते. तिला खोटी ठरवायची घाई करू नका. जुन्या माणसांनी एवढा मोठा गोल खड्डा पाहिला आणि आपापल्या परीने विचारले, हे झाले कसे? भूगोलाचाच प्रश्न तो.

मग दुसरी हकीकत सांगा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षे लोक त्याला ज्वालामुखीचे तोंडच समजत होते, कारण आजूबाजूचा सगळा काळा खडक ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हाचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तळाशी खणून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर हे विवर उल्का आदळून झाले यावर शास्त्रज्ञांचे मत पक्के झाले. व्यास सुमारे १८०० मीटर. केव्हा आदळली? एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे मुलांना सांगा. शास्त्रातही "अजून ठरायचं आहे" असे असते, हे लहानपणीच कळलेले बरे. चंद्रावरचे आणि मंगळावरचे खडकही याच जातीचे असल्याने तिथली विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात, हे ऐकून माझ्या ओसरीवरच्या मुलांची छाती दोन बोटे फुगली.

तिथले पाणी खारट का? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. एका ताटलीत मिठाचे पाणी घालून उन्हात ठेवा. संध्याकाळी पाणी जाईल, मीठ राहील. लोणारच्या सरोवरात पाणी येते, बाहेर जायला वाट नाही. वर्षानुवर्षे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते पाणी नुसते खारट नाही, सोड्यासारखे आहे. या सरोवरातून काच आणि साबण करायला लागणारे क्षार मिळतात, असा उल्लेख अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. सोड्याचा गुण पाहायचा तर थोडा पापडखार पाण्यात विरघळवा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. पाणी लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे तुम्हा-आम्हाला रोजचे माहीत. त्याचेच हे कारण. २०२० सालच्या जूनमध्ये आख्खे सरोवर गुलाबी झाले होते तेव्हा आमच्याकडे नाना तऱ्हेच्या वावड्या उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाण्यातला खारटपणा वाढल्याने त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार 'रामसर' यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

खारे पाणी म्हटले की आम्हाला आणखी एक आठवते, आणि ते इतके गमतीचे नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, माहेर त्या पट्ट्यातले. त्या सांगतात, "आमच्याकडं डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि पाव्हणे आले की आधी गोड्या पाण्याचा विचार." संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूने मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्याही वर्षानुवर्षे येत आहेत. मुलांना 'मानव आणि पर्यावरण' हा धडा असतो. त्यात वहिनींना का बोलावू नये? मी बोलावले. एरवी पदर सावरत दारात उभ्या राहणाऱ्या वहिनी ओसरीवर बसून पाऊण तास बोलल्या. विहिरीचे पाणी, पावसाचे पाणी, टँकरचे पाणी, कशाला कोणते वापरायचे याचे त्यांचे हिशेब ऐकून मुले गप्प झाली होती.

तुमच्या घरात आजी असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या तरुणपणी शेतात काय पेरत. आमच्याकडच्या आज्या सांगतात ज्वारी, कापूस, तूर. सोयाबीनचे नाव नाही. आज शिवार सोयाबीनने भरलेले. जमीन तीच काळी, पाऊस तोच, मग पीक का बदलले? भाव, लवकर येणारे पीक, हातात येणारे पैसे. आणि त्यापायी काय गेले? कडबा गेला, आणि ताटातली भाकरी कमी झाली. एवढ्या एका प्रश्नावर मुलाची वही चार पाने भरते.

'दळणवळणा'साठी तर फडताळ उघडले की झाले. मुलाला डबे खाली काढायला लावा आणि प्रत्येकातला जिन्नस कुठून आला ते पुडक्यावर वाचायला सांगा. मीठ बहुतेक गुजरातचे. चहा आसामचा. गूळ कोल्हापूरचा असेल, हळद शेजारच्या हिंगोलीची. आणि हिंग? त्याचा कच्चा चीक अफगाणिस्तानातून येतो. आपल्या देशात हिंगाची लागवड हिमाचलातल्या लाहौलमध्ये २०२० साली कुठे सुरू झाली. फोडणीत चिमूटभर पडतो तो एवढा प्रवास करून, बरं का! पुडक्यावरचा पिनकोडही वाचायला लावा. ४४ ने सुरू झाला तर माल विदर्भातला. आमच्या भागाचे ४४३.

जाता जाता रस्त्यांचेही बोलावे. रेल्वे घाटाखालून गेली, कारण तिथे सपाटी होती आणि कापूस होता. खामगावच्या कापसासाठी जलंबहून फाटा निघाला तो १८७० साली. घाटावरचे लोक खामगाव-जालना रेल्वेची वाट पिढ्यानपिढ्या पाहत आहेत. समृद्धी महामार्ग मात्र आमच्या बाजूने गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. पण तो जवळून गेला म्हणजे गावाला लागला असे नाही. त्यावर चढायची-उतरायची ठिकाणे ठरलेली. मेहकरजवळ एक आहे. रस्ता जवळ असणे आणि रस्ता उपयोगी पडणे यांतला फरक मुलांना विचारून बघा, मजेशीर उत्तरे देतात.

राहिला 'प्रदेश'. त्याला फार वेळ लागत नाही. लोणार तालुका ही विदर्भाची कड. पलीकडे जालना, परभणी, म्हणजे मराठवाडा. १९५६ पर्यंत तर ती दोन वेगळी राज्ये होती. पण बोली, भाकरी, लुगड्याची तऱ्हा, देवदेवक आणि सोयरिकी त्या रेघेपाशी थांबल्या नाहीत. नकाशातल्या सगळ्या रेघा जमिनीवर दिसत नाहीत, आणि घाटावर-घाटाखाली ही नकाशात नसलेली रेघ मात्र सगळ्यांना दिसते.

लोणारला मुलांना न्यायचे ठरवलेत तर दिवाळीनंतर जा, थंडीत. सकाळी लवकर निघा. उतरताना सोपे वाटते, चढताना लहान मुले रडकुंडीला येतात. तेव्हा दोन बाटल्या पाणी जास्तीचे घ्या आणि ऊन चढायच्या आत वर या. चपलांऐवजी बूट घाला. ते अभयारण्य आहे, म्हणून तिथला खडा, पाणी, पान काही उचलून आणू द्यायचे नाही. वही-पेन्सिल न्या आणि काठावर उभे राहून आधी उत्तर कुठे ते मुलांनाच शोधायला सांगा. भाकरीबरोबर झुणका नेलात तर खाली उतरायच्या आधीच खाऊन घ्या. माकडे फार आहेत.